ताज्या तोडीच्या बुंध्यापासून गृहोपयोगी फर्निचर : लाकडाचे शास्त्र आणि धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

सारांश

रस्तारुंदीकरण, घरबांधणी, वादळ किंवा वार्धक्य या कारणांनी पडलेल्या व तोडलेल्या वृक्षांचे बुंधे बहुधा सरपण म्हणून संपतात. त्यांपासून बैठक, तिवई, दिवाणखान्यातील मेजाचा पाया यांसारख्या वस्तू करता येतात. मात्र ओला बुंधा थेट घरात आणल्यास तो काही आठवड्यांत उलतो, त्यावर बुरशी चढते किंवा त्यात कीड निघते. ओला बुंधा का फाटतो, ग्रामीण कारागिरांनी या स्वभावाशी कसे जुळवून घेतले आणि धाराशिव जिल्ह्याच्या हवामानात बुंधा कसा वाळवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बुंधा, ओलावा, आकुंचन, मुरवण, सुतारकाम, धाराशिव.

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व पठारावर वसलेला, पर्जन्यमानाच्या दृष्टीने बेभरवशाचा जिल्हा होय. 2023 साली त्याचे नाव अधिकृतपणे बदलले. येडशी-रामलिंग घाट अभयारण्याचा परिसर वगळता येथे सलग वनक्षेत्र फारच थोडे आहे. त्यामुळे जिल्ह्यातील लाकूड हे मुख्यतः बांधावरचे, ओढ्याकाठचे आणि रस्त्याकडेचे लाकूड आहे. बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा, शिरीष, करंज, वड आणि पिंपळ हे येथील ओळखीचे वृक्ष. त्यांत पुढे सुबाभूळ, निलगिरी व पर्जन्यवृक्ष यांची भर पडली.

तुळजापूर, धाराशिव, येडशी या मार्गाने जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गाचे (सध्याचा क्रमांक 52, पूर्वीचा 211) चौपदरीकरण झाले. अशा कामांत रस्त्याकडेची जुनी झाडे जातात. तोडलेल्या झाडाचा सरळ सोट गिरणीत जातो, फांद्या जळणाला जातात. पण जमिनीलगतचा रुंद, वेडावाकडा बुंधा कापण्यास अवघड म्हणून कवडीमोलाने विकला जातो किंवा जागीच जाळला जातो. वस्तुतः वृक्षाच्या आयुष्यातील सर्वांत जुने लाकूड याच भागात असते.

दुसरी बाब कारागिरांची. नांगर, कुळव, तिफण, जू आणि बैलगाडी ही सुतारांच्या पोटापाण्याची साधने होती. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आल्यावर हे काम आटले. माळवदी घरांची जागा सिमेंटच्या घरांनी घेतल्यावर खांब, तुळया व चौकटींचे कामही कमी झाले. हाती कौशल्य आहे, पण काम नाही, अशा कारागिराला बुंध्याचे फर्निचर हे एक पूरक काम ठरू शकते. त्यासाठी वस्तू टिकली पाहिजे. सहा महिन्यांत उललेली तिवई पुन्हा ग्राहक आणत नाही.

उद्दिष्टे

1) ओल्या बुंध्याच्या फाटण्यामागील कारणे स्पष्ट करणे.
2) पारंपरिक कारागिरीतील संबंधित पद्धतींचा अर्थ लावणे.
3) स्थानिक वृक्षजाती व हवामान लक्षात घेऊन बुंधा वाळविण्याची व घडविण्याची रीत मांडणे.

लाकडातील पाणी

जिवंत झाडाच्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. पेशींच्या पोकळीतील पाणी मोकळे असते, तर पेशीभित्तिकांत मुरलेले पाणी तंतूंशी बांधलेले असते. लाकूड वाळू लागले की प्रथम मोकळे पाणी निघून जाते. या काळात वजन घटते, पण आकार बदलत नाही. ओलाव्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे 28 ते 30 टक्क्यांवर आले की मोकळे पाणी संपलेले असते. या अवस्थेस तंतु-संपृक्तता बिंदू म्हणतात. यापुढे भित्तिकांतील पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. ताजा बुंधा पहिले काही दिवस धड दिसतो आणि नंतर एकाएकी तडकतो, त्याचे कारण हे होय.

निघून जाणारे पाणी किती असते, हे एका हिशेबाने समजते. 30 सेंटिमीटर व्यासाचा व 45 सेंटिमीटर उंचीचा ओंडका बसण्यासाठी पुरेसा असतो. त्याचे घनफळ सुमारे 0.032 घनमीटर भरते. मध्यम जड लाकडाच्या दर घनमीटरला 650 किलो कोरडे द्रव्य धरले, तर ओंडक्यातील कोरडे लाकूड सुमारे 20.7 किलो होते. ओलावा 80 टक्के असताना त्याचे वजन सुमारे 37 किलो, तर 10 टक्के असताना सुमारे 23 किलो भरेल. म्हणजे एका बैठकीतून घागरभर, 14 ते 15 लिटर पाणी बाहेर पडावे लागते. हे पाणी कोणत्या वाटेने व किती वेगाने निघते, यावर वस्तूचे भवितव्य ठरते.

पाण्याची मुख्य वाट उभ्या तंतूंची आहे. तंतूंच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने वाहते. त्यामुळे ओंडक्याची दोन्ही कापलेली तोंडे आधी वाळतात आणि पोट ओलेच राहते. तोंडाचा पातळ थर आकसू पाहतो, आतील ओले लाकूड त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत तोंडावर बारीक चिरा पडतात.

बुंधा का उलतो

बुंध्याची मोठी भेग मात्र आणखी एका कारणाने पडते. लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. उंचीच्या दिशेने आकुंचन नगण्य असते. केंद्राकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ते मध्यम असते. वार्षिक वलयांच्या दिशेने, म्हणजे परिघावर, ते बहुधा दीडपट ते दुप्पट असते. सागाच्या लाकडात त्रिज्येच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के, तर परिघाच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकुंचन होते. पर्जन्यवृक्षात हेच आकडे सुमारे 2.0 व 3.4 टक्के आहेत. ही मोजमापे ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंतची आहेत.

40 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ 125.7 सेंटिमीटर असतो. सागाच्या चकतीची त्रिज्या 2.5 टक्क्यांनी घटली, तर परीघही तेवढाच घटायला हवा; पण वलये 5.8 टक्क्यांनी आकसू पाहतात. दोहोंतील 3.3 टक्क्यांची तफावत म्हणजे परिघावर सुमारे 4.1 सेंटिमीटर. चकती पूर्ण कोरडी न होता 10 टक्के ओलाव्यापर्यंत वाळली, तरी यापैकी सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे 2.8 सेंटिमीटर, तफावत उरते. पर्जन्यवृक्षाच्या चकतीत हाच हिशेब 1.2 सेंटिमीटरवर येतो. वाळण्याची गती संथ असेल तर ताणाचा काही भाग लाकूड सोसते. उरलेला भाग भेगेच्या रूपाने प्रकट होतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. भेंड, म्हणजे खोडाचा मध्यबिंदू, आत असलेली अखंड गोल चकती सदोष कारागिरीमुळेच उलते असे नाही. उलणे हा तिच्या रचनेचा परिणाम आहे. म्हणून तडा पूर्णपणे टाळण्यापेक्षा तो कोठे व कसा पडावा, हे ठरविणे अधिक व्यवहार्य ठरते.

पारंपरिक कारागिरीतील उत्तरे

ग्रामीण कारागिरांना टक्केवारी ठाऊक नव्हती, पण लाकडाचा स्वभाव ठाऊक होता. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तुंबा बाभळीच्या अखंड ओंडक्यापासून घडतो. पण त्याच्या मधोमध आसासाठी आरपार भोक असते, म्हणजे भेंडाचा भाग निघूनच जातो. केंद्र मोकळे झाल्याने लाकडाला आत सरकण्यास जागा मिळते व ताण कमी होतो. शिवाय तुंब्यावर लोखंडी कडी चढविलेली असतात. लाकडी उखळही मध्यभागी कोरलेले असते. लोहाराची ऐरण ज्या ओंडक्यात बसविली जाते, तो जमिनीत पुरलेला असल्याने त्याचा खालचा भाग एकदम कोरडा पडत नाही.

खाटकाच्या दुकानातील ओंडका चिंचेचा का, याचेही कारण शास्त्रीय आहे. चिंचेचे तंतू परस्परांत गुंतलेले असतात, त्यामुळे वारंवार घाव बसूनही तो सरळ दुभंगत नाही. बुंध्याच्या मुळांकडील भागातही तंतूंची अशीच गुंतागुंत असते. म्हणून वरच्या सरळ सोटापेक्षा तो बरेचदा कमी फाटतो.

बाभळीचे लाकूड अवजारांसाठी वापरण्यापूर्वी ते तळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीत काही आठवडे ते महिने बुडवून ठेवण्याची रीत सर्वपरिचित आहे. बाहेरच्या फिकट रसकाष्ठात पिष्टमय द्रव्य असते व लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या त्यावर पोसतात. पाण्यात मुरल्याने हे द्रव्य कमी होते. ज्याला गावात ‘लाकूड मुरणे’ म्हणतात, त्याचा हा रासायनिक अर्थ होय. चौरंग व पाट मात्र बुंध्याचे नव्हे, तर फळ्यांचे असतात, हेही लक्षणीय आहे. भेंड टाळून चिरलेली फळी आकसते, पण अखंड चकतीसारखी उलत नाही.

वृक्षजातींची निवड

बाभळीचे मध्यकाष्ठ जड, कठीण व टिकाऊ असते. रसकाष्ठाला मात्र कीड लवकर लागते. वजनामुळे ती हलत्या तिवईपेक्षा एका जागी राहणाऱ्या बैठकीला योग्य. कडुनिंबाचे लाकूड मध्यम जड, लालसर व किडीला बऱ्यापैकी दाद न देणारे असते. चिंचेचा गाभा गडद व सुंदर दिसतो, परंतु पिवळसर रसकाष्ठ रुंद असल्याने त्यावर संरक्षक प्रक्रिया हवीच. आंब्याचे लाकूड घडविण्यास सोपे. तथापि तोडल्यावर ते तसेच पडून राहिले तर बुरशीचे डाग व कीड फार लवकर येते. वड व पिंपळ यांचे लाकूड चिकाळ व अल्पायुषी असल्याने या कामास उपयोगी नाही. निलगिरीच्या खोडात वाढीचे अंतर्गत ताण इतके असतात की झाड तोडताक्षणी त्याची तोंडे फाटू लागतात. अखंड बुंध्यासाठी सर्वांत सोयीचा म्हणजे पर्जन्यवृक्ष. त्याचे आकुंचन कमी व गाभ्याचा तपकिरी रंग आकर्षक असतो.

हवामान आणि तोडीचा हंगाम

लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण सतत करते. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडाचा ओलावा हळूहळू 6 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. 50 टक्क्यांना सुमारे 9, 65 टक्क्यांना सुमारे 12 आणि 80 टक्क्यांना सुमारे 16 टक्के. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा अत्यंत कोरडी असते, तर पावसाळ्यात दमट. म्हणजे येथील बैठक उन्हाळ्यात आकसते व श्रावणात फुगते. मेमध्ये रुंदावलेली भेग ऑगस्टमध्ये मिटत आलेली दिसते. ती भेग उन्हाळ्यात लांबी भरून घट्ट बुजविली, तर पावसाळ्यात लाकूड फुगताना भोवतालच्या भागावर दाब येतो.

तोडीच्या हंगामाचा विचारही यावरूनच करावा लागतो. एप्रिलमध्ये तोडलेला बुंधा उष्ण कोरड्या वाऱ्याने बाहेरून फार वेगाने वाळतो व उलतो. जुलैमध्ये तोडलेल्या बुंध्यावर बुरशी धरते. कार्तिक ते पौष या काळात हवा सौम्य असते. वाळण्याची सुरुवात संथपणे होते व उन्हाळा येईपर्यंत बाहेरचे बरेच पाणी गेलेले असते. रस्त्याच्या कामात तोडीची वेळ कारागिराच्या हाती नसते. अशा वेळी लेप व सावली यांवर अधिक भर द्यावा लागतो.

प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी तपासणीची. रस्त्याकडेच्या झाडांवर गेरू-चुन्याचे पट्टे असतात आणि वर्षानुवर्षे ठोकलेल्या फलकांचे खिळे व तारा खोडात गडप झालेल्या असतात. मुळांच्या बेचक्यात माती व खडे अडकलेले असतात. यांत्रिक करवत खिळ्यावर आदळल्यास साखळी तुटून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून बुंधा धुऊन, धातुशोधकाने किंवा निदान बारकाईने पाहून मगच कापावा. हव्या असलेल्या उंचीपेक्षा दोन्ही बाजूंनी 5 ते 8 सेंटिमीटर लांबी जास्त ठेवावी. तोंडावरील चिरांचा भाग पुढे कापून टाकता येतो.

दुसरी पायरी साल काढण्याची. सालीखालचा कोवळा थर हे किडीचे आवडते घर असते. झाड ओले असतानाच वाकसाने किंवा बोथट पटाशीने साल सहज सुटते. वाळल्यावर ती चिवट होते. शोभेसाठी साल ठेवण्याचा मोह होतो, परंतु लाकूड आकसल्यावर ती बहुधा सुटून येते आणि तोवर तिच्याआड कीड वाढते.

तिसरी पायरी संरक्षणाची. येथे ओलेपणा हा दोष नसून गुण ठरतो. बोरिक आम्ल व टाकणखार यांचे द्रावण ओल्या लाकडातील पाण्यातून आत झिरपते. कोरड्या लाकडात ते इतके खोल जात नाही. 1 भाग बोरिक आम्लास 1.5 भाग टाकणखार हे प्रचलित प्रमाण आहे. द्रावण लावून बुंधा काही आठवडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यास क्षार आत पसरण्यास अवधी मिळतो. हे क्षार पाण्याने धुऊन जातात, म्हणून ही पद्धत घरातील वस्तूंपुरतीच योग्य होय. हातमोजे वापरावेत आणि अन्न ज्यावर ठेवायचे अशा पृष्ठभागास हे द्रावण लावू नये. लाकूड संरक्षणासाठी आयएस 401 व लाकूड वाळविण्यासाठी आयएस 1141 ही भारतीय मानके उपलब्ध आहेत.

चौथी पायरी ताण मोकळा करण्याची. यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, तुंब्याप्रमाणे भेंडातून आरपार भोक पाडणे किंवा खालच्या बाजूने बुंधा पोकळ कोरणे. यामुळे वजनही घटते. दुसरा, न दिसणाऱ्या बाजूस सालीपासून भेंडापर्यंत करवतीचा एक उभा काप देणे. सगळे आकुंचन त्या एका कापात एकवटते व इतरत्र भेगा कमी पडतात. बुंधा पूर्ण वाळल्यावर त्या फटीत त्याच जातीच्या लाकडाची पाचर बसविता येते. तिसरा, पडलेली भेग तशीच ठेवून ती आणखी वाढू नये म्हणून डमरूच्या आकाराची लाकडी खीळ आडवी जडविणे. चांगल्या कारागिराच्या हातात ही खीळच वस्तूचे भूषण ठरते.

पाण्याची जागा दुसऱ्या पदार्थाने भरण्याचा एक मार्गही जगात वापरला गेला आहे. 1628 मध्ये बुडालेले व 1961 मध्ये वर काढलेले स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज आकसून फाटू नये म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे 17 वर्षे मारण्यात आले. हाच पदार्थ ओल्या लाकडाच्या चकत्यांसाठीही वापरतात. परंतु खर्च व लागणारा काळ पाहता गावच्या कारागिरास तो परवडणारा नाही.

पाचवी पायरी वाळविण्याची. दोन्ही तोंडांना वितळवलेले मेण, जुना तैलरंग किंवा शेणमातीचा जाड लेप द्यावा. बुंधा उन्हात ठेवू नये. वारा खेळता असलेल्या सावलीत, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवावा. लेप तडकल्यास पुन्हा द्यावा. एक इंच जाडीस एक वर्ष, असा जुना ठोकताळा थंड देशांत सांगितला जातो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वेळ कमी लागतो, तरी अखंड बुंध्यास एक-दोन उन्हाळे द्यावेच लागतात. वाळल्याची खात्री अंदाजाने न करता वजनाने करावी. दर पंधरा दिवसांनी वजन करून तारखेसह नोंदवावे. पावसाळा वगळता सलग दोन महिने वजनात फरक पडला नाही, तर बुंधा घडविण्यास तयार झाला असे समजावे.

शेवटची पायरी घडणीची. वरचे व खालचे तोंड समपातळीत कापून रंध्याने व काचकागदाने गुळगुळीत करावे. बुंधा थेट शहाबादी फरशीवर टेकवू नये. फरशी पुसताना उभे तंतू पाणी शोषून घेतात व तळ काळा पडतो. तीन लहान पाय किंवा रबरी गट्टू बसविल्यास हवा खेळती राहते आणि फरशी असमान असली तरी बैठक डुगडुगत नाही. वर जवसाचे तेल व मेण किंवा लाखेचे पॉलिश द्यावे. अर्धवट ओल्या बुंध्यावर जाड प्लास्टिकसदृश रोगण चढविणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. आतील पाणी कोंडले जाते, रोगण सुटते आणि त्याखाली बुरशी वाढते.

कायदा व पर्यावरण

महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, 1964 अन्वये साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, खैर, चंदन इत्यादी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या शेतातील असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नागरी भागांत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. रस्त्याकडेच्या झाडांची मालकी संबंधित शासकीय यंत्रणेकडे असते; म्हणून बुंधा रीतसर लिलावातून घेऊन पावती जपून ठेवणे कारागिराच्या हिताचे आहे. वाहतुकीसाठी परवाना लागतो की नाही, हे वनविभागाकडून आधी विचारून घ्यावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न बुंधा काढावा की नाही, हा आहे. कडुनिंब, साग, सुबाभूळ, निलगिरी यांसारख्या वृक्षांचे जमिनीत राहिलेले खोड पुन्हा फुटते. मुळे शाबूत असल्याने हे धुमारे नव्या रोपापेक्षा वेगाने वाढतात. पाण्याची टंचाई असलेल्या जिल्ह्यात असा जिवंत बुंधा हे आयते झाड आहे. बांधावरचा किंवा ओढ्याकाठचा बुंधा मुळांनी माती धरून ठेवतो, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. म्हणून जेथे रस्ता, इमारत वा विहीर यांमुळे बुंधा तसाही उखडला जाणार आहे किंवा झाड मुळासकट उन्मळले आहे, तेथीलच बुंधा फर्निचरसाठी घ्यावा. फर्निचरसाठी झाड तोडणे हा या उद्योगाचा हेतू असता कामा नये.

निष्कर्ष

1) अखंड बुंध्याचे उलणे हे त्रिज्या व परीघ यांच्या असमान आकुंचनाचे फळ आहे, ते पूर्णतः टाळता येत नाही, मात्र नियंत्रित करता येते.
2) केंद्र मोकळे करणे, कड्यांनी आवळणे, पाण्यात मुरविणे या पारंपरिक रीती लाकडाच्या शास्त्राशी सुसंगत असून त्या आजही उपयोगी आहेत.
3) धाराशिवच्या हवामानात हिवाळी तोड, तोंडांवर लेप, सावलीतील संथ वाळवण आणि वजनाची नोंद या चार गोष्टी निर्णायक ठरतात.
4) ओल्या अवस्थेतच बोरॉन क्षारांची प्रक्रिया केल्यास कमी खर्चात कीडसंरक्षण मिळू शकते.
5) पुन्हा फुटणारा बुंधा जमिनीतच राहू द्यावा, उखडला जाणारा बुंधा जाळण्याऐवजी कारागिराच्या हाती द्यावा.

वृक्ष वाढण्यास पन्नास-साठ वर्षे लागतात आणि बुंधा जाळण्यास एक रात्र पुरते. तोच बुंधा दोन उन्हाळे सावलीत थांबला, तर एका घराला पिढीभर पुरणारी बैठक आणि एका सुताराला काही दिवसांचे काम देऊन जातो. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्था व ग्रामपंचायती यांनी तोडीच्या लिलावात बुंध्यांचा वेगळा विचार केल्यास हा बदल घडणे अवघड नाही.